मनोरुग्णालयात नव्याने येताय? वॉर्डातल्या सुरक्षिततेचं पायरीपायरीने गाईड

मनोरुग्णालयात सगळ्यात जास्त धोका कुणाला असतो असं विचारलं तर बहुतेक जण पटकन म्हणतात, स्टाफला. स्टाफला मार बसतो हे खरंय आणि ते हलक्यात घेऊच नये, पण रोजचा वॉर्ड बघितला तर जास्त जोखीम पेशंटचीच असते. स्वतःला इजा करून घेणं, गोळ्यांमुळे चक्कर येऊन पडणं, घास अडकणं, दुसऱ्या पेशंटकडून मार खाणं, आणि आवरायला गेलेल्या स्टाफच्याच हातून इजा होणं, हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. म्हणून हे गाईड तिघांसाठी आहे: नवीन स्टाफ, पहिल्यांदा ॲडमिट होणारा पेशंट आणि भेटायला येणारे घरचे. स्टाफचा भाग मोठा आहे कारण चाव्या त्यांच्याकडे असतात.

एक गोष्ट आधीच सांगते. कुलूप, कॅमेरा, अंगातली ताकद हे सगळं दुसऱ्या नंबरला, पहिल्या नंबरला ओळख. ज्या वॉर्डात स्टाफला पेशंट माहिती असतात आणि पेशंटला पुढे काय होणार आहे ते माहिती असतं तो वॉर्ड सुरक्षित असतो. हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं नाही. इंग्लंडमध्ये सेफवॉर्ड्स नावाची पद्धत लेन बोवर्स आणि त्यांच्या टीमने बसवली, १५ हॉस्पिटलांमधल्या ३१ वॉर्डांत तिची ट्रायल झाली आणि २०१५ मध्ये निकाल छापून आले. भांडणं, मारहाण, स्वतःला इजा असे प्रसंग साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले आणि धरून ठेवणं, कोंडणं, जबरदस्तीचं इंजेक्शन असले उपाय सुमारे २६ टक्क्यांनी. आणि केलं काय होतं, तर मऊ शब्द वापरणं, वाईट बातमी आधी विचार करून सांगणं, स्टाफ आणि पेशंटने एकमेकांची थोडी ओळख करून घेणं, काही झालं की बाकीच्या पेशंटना धीर देणं, अशा दहा साध्या गोष्टी.

पायरी १: ड्युटीवर जाण्याआधी

अंगावर काय आहे ते बघा. गळ्यात आयकार्डाची दोरी असेल तर ओढल्यावर आपोआप सुटणारी हवी, नाहीतर कार्ड खिशाला लावा. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून वॉर्डात फिरायचं नाही. लांब केस बांधून, लोंबणारे कानातले काढून, पायात न घसरणारे आणि पळता येईल असे बूट. खिशात कात्री, ब्लेड, सुया ठेवून फिरू नका, ज्या कामाला लागतात तेवढ्यापुरत्या घ्या आणि मोजून परत ठेवा.

हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना आधीच्या स्टाफने पुढच्याला वॉर्डाची माहिती देणं, कधीही बुडवू नका, त्यात पाच मिनिटं उशिरा पोचणं म्हणजे अर्धा वॉर्ड न कळता आत जाणं. आणि नुसतं ऐकू नका, विचारा. रात्री कोण झोपलं नाही? कुणाची गोळी बदलली? कुणाच्या घरून फोन यायचा होता आणि आला नाही? कुणाची रजा नाकारलीय? या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं जिथे येतात तिथेच दुपारी आवाज चढतो.

पायरी २: आत गेल्यावर पहिला अर्धा तास

दार उघडण्याआधी काचेतून पलीकडे बघा, दाराला चिकटून कुणी उभं आहे का. आत गेल्यावर दार खरंच लागलं का हे हाताने ओढून बघायचं, आवाज आला म्हणजे लागलं असं नसतं. चाव्या कमरेला, दिसतील अशा फिरवत बसायच्या नाहीत आणि कुणालाही, अगदी दोन सेकंदांसाठीही, हातात द्यायच्या नाहीत. अलार्मचं बटण कुठे आहे, ते दाबल्यावर कोण येतं आणि यायला किती वेळ लागतो, ऑक्सिजन कुठे, आगीच्या वेळचं दार कुठलं आणि त्याची चावी कोणाकडे, हे पहिल्याच दिवशी एखाद्या जुन्या सिस्टरला किंवा मामांना घेऊन चालत चालत बघून घ्या. मामा-मावशी, म्हणजे अटेंडंट, यांना वॉर्डाची जितकी माहिती असते तितकी फाईलमध्ये नसते, त्यांना विचारायला लाजू नका.

मग नर्सिंग स्टेशनच्या, म्हणजे सिस्टर बसतात त्या खोलीच्या, काचेमागे न बसता वॉर्डात एक चक्कर मारा आणि नाव सांगून ओळख करून द्या. "नमस्कार, मी आजपासून इथे आहे, संध्याकाळपर्यंत ड्युटी आहे, काही लागलं तर मला सांगा." एवढंच. वय काहीही असो, मोठ्या माणसाला अहो-जाहोच करायचं, आजार झाला म्हणून माणूस अरे-तुरेचा होत नाही. नवीन स्टाफने पहिल्याच दिवशी हे केलं की पुढची अर्धी कामं सोपी होतात.

पायरी ३: बिघडायला लागलंय हे ओळखणं

हिंसा अचानक झाली असं आपण म्हणतो पण बहुतेक वेळा आधी खुणा दिसलेल्या असतात, कुणी जोडून बघितलेल्या नसतात एवढंच. नॉर्वेमध्ये तयार झालेली ब्रोसेट नावाची छोटी चेकलिस्ट आहे, बऱ्याच देशांत वापरतात, तिच्यात फक्त सहा गोष्टी बघायच्या: गोंधळलेपणा, चिडचिड, दंगा-आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव, आणि वस्तूंवर राग काढणं. प्रत्येकाला शून्य किंवा एक. बेरीज तीन किंवा जास्त आली तर पुढच्या २४ तासांत मारामारीचा धोका जास्त धरायचा आणि आत्ताच काहीतरी करायचं, उद्याच्या राऊंडची वाट बघायची नाही. एक लक्षात ठेवा, तुलना त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्याशी करायची. जो नेहमीच मोठ्याने बोलतो त्याला मोठ्याने बोलण्याचा मार्क नाही.

आणि खूप महत्त्वाचं, प्रत्येक बेचैनी मानसिक नसते. साखर उतरली असेल, ताप असेल, डोक्याला मार लागला असेल, लघवी तुंबली असेल, दारू अचानक सुटल्यामुळे थरथर आणि भास सुरू झाले असतील, अशा माणसाला "हायपर झालाय" म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं तर जिवावर बेतू शकतं. तसंच ॲकाथिसिया. मनोविकारावरच्या काही औषधांनी पायात अशी तडफड सुटते की माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, चिडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला म्हणून डोस वाढवला जातो आणि त्रास दुप्पट होतो. कुणी सारखं फिरतंय तर आधी विचारा, "आतून अस्वस्थ वाटतंय की पाय शांत बसत नाहीयेत?" उत्तर डॉक्टरांना सांगा.

पायरी ४: बोलून शांत करणं

खरं काम हेच आहे आणि हे शिकता येतं.

संध्याकाळचा एक नेहमीचा प्रसंग घ्या. एक गृहस्थ स्टेशनच्या खिडकीशी येतात, घरी फोन लावायचाय. फोनची वेळ संपलेली आहे. आतून कुणीतरी रजिस्टर लिहिता लिहिता मान वर न करता म्हणतं, "आता नाही, उद्या." ते परत विचारतात. "एकदा सांगितलं ना?" खिडकीवर थाप पडते. इथून पुढे दहा मिनिटांत चार जण त्यांना धरून उभे असतात आणि कागदावर लिहिलं जातं, "पेशंट विनाकारण आक्रमक झाला."

आता तेच दुसऱ्या तऱ्हेने. तुम्ही पेन खाली ठेवता, उठून बाहेर येता, समोरासमोर छाती काढून नाही तर थोडं तिरकं, दोन हात लांब उभे राहता. "काय झालं काका, घरी कुणाशी बोलायचं होतं?" ते म्हणतात, मुलीचा पेपर होता आज. "अरे हो का, मग काळजी वाटणारच. फोनची वेळ सातला संपली, मला आत्ता लावून देता येत नाही, त्याबद्दल सॉरी. दोन गोष्टी करता येतील. मी इंचार्ज सिस्टरना विचारून बघते, त्या हो म्हणाल्या तर आत्ता, नाहीतर उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा, मी वहीत लिहून ठेवते. चालेल?" आणि मग खरंच वहीत लिहायचं, त्यांच्या समोर, आणि सकाळच्या हँडओव्हरमध्ये सांगायचं. हे शेवटचं विसरलात तर वरचं सगळं वाया, उलट उद्याचा राग तुमच्या वाट्याचा.

यात काय काय झालं बघा. नाही म्हटलं, पण कारण सांगून. भावना ओळखली. वाक्यं छोटी. पर्याय दोन, दोन्ही खरे. आणि अंतर. चिडलेल्या माणसाला नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही, आणि त्याला तुमच्या आणि दाराच्या मध्येही येऊ द्यायचं नाही, दोघांनाही निघायला वाट पाहिजे. हात दिसतील असे ठेवा, खिशात नको, कमरेवर नको, बोट दाखवणं तर नकोच. बोलणारा एकच. बाकीच्यांनी मागे थांबायचं आणि इतर पेशंटना हळूच दुसरीकडे न्यायचं, कारण प्रेक्षक असले की माघार घ्यायला कुणालाच जमत नाही.

भास होत असतील तर वाद घालू नका, हो ला हो पण म्हणू नका. "मला तो आवाज ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला येतोय आणि भीती वाटतेय हे दिसतंय मला" एवढं पुरतं. "शांत व्हा" हे दोन शब्द मात्र विसरूनच जा, त्याने आजवर कुणी शांत झालेलं मी तरी बघितलं नाही. आणि एकट्याने हिरोगिरी नको, आतून वाटलं की गडबड आहे तर अलार्म दाबा, उगीच दाबला तरी चालतो.

पायरी ५: धरावं लागलंच तर

हा शेवटचा उपाय, धाक दाखवायला किंवा शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि ट्रेनिंग झालं नसेल तर तुम्ही यात हात घालायचा नाही, तुम्ही बाकीचे पेशंट सांभाळा. ज्यांचं ट्रेनिंग झालंय त्यांनी पण हे डोक्यात पक्कं ठेवायचं: पालथं पाडून पाठीवर, छातीवर, मानेवर वजन टाकलं तर माणूस गुदमरतो आणि मरतो, जगभरात अशी माणसं गेली आहेत. एका माणसाचं काम फक्त डोकं आणि श्वास बघणं, बाकी काही नाही, आणि त्याने थांबा म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. "श्वास घेता येत नाहीये" असं पेशंट म्हणाला तर ते नाटक समजू नका. बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे हा समज चुकीचा आहे, आणि सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे झटापट करणारा माणूस एकदम शांत पडणं. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या सरकारी संस्थेची २०१५ ची गाईडलाईन सांगते की हाताने धरून ठेवणं साधारणपणे दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये.

इंजेक्शन दिल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. नाडी, बीपी, श्वासाचा वेग, किती गुंगी आहे, पाणी पोटात जातंय का, हे ठरलेल्या वेळाने बघून लिहायचं. झोपलाय, बरं झालं, असं म्हणून दार ओढून घ्यायचं नाही.

पायरी ६: आत्महत्येचा धोका

वॉर्डाची खोली, बाथरूम, पडदे, दाराच्या कड्या हे सगळं धोक्याच्या नजरेने नियमित तपासायचं काम आहे आणि त्याचा फायदा आकड्यांत दिसलेला आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांनी २००७ पासून अशी चेकलिस्ट लावली आणि तिथल्या मानसोपचार वॉर्डांतल्या आत्महत्या दर लाख ॲडमिशनमागे ४.२ वरून ०.७४ वर आल्या. म्हणजे तुटलेला हूक, सैल वायर दिसली की "मेंटेनन्सवाले बघतील" म्हणून पुढे जायचं नाही, तिथेच कळवायचं आणि दुरुस्त होईपर्यंत ती खोली वापरायची नाही.

पण भिंती तपासून माणूस कळत नाही. विचारायला घाबरू नका, "जीव द्यावासा वाटतोय का?" असं थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं. ॲडमिट झाल्यावरचे पहिले काही दिवस, शिफ्ट बदलतानाचा वेळ, रजेवर जाण्याआधी आणि रजेवरून आल्यावर, घरून वाईट बातमी आल्यावर, या वेळांना जास्त जागं राहायचं. दर पंधरा मिनिटांनी बघायचं लिहिलं असेल तर बरोबर घड्याळ लावून जाऊ नका, अंतर थोडं कमी-जास्त ठेवा, म्हणजे पुढची फेरी कधी ते कुणाला हेरता येत नाही. आणि दारातून डोकावून टिक मारणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे, आत जा, दोन शब्द बोला. न बघता केलेली टिक ही वॉर्डातली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे, मला यात कुठलीही सूट मान्य नाही.

ज्याकडे कुणी बघत नाही ते

घास अडकणं. काही औषधांनी गिळणं मंदावतं, शिवाय काही पेशंट घाईघाईत खातात, म्हणून जेवणाच्या वेळी कुणीतरी प्रत्यक्ष हजर पाहिजे आणि घास अडकल्यावर काय करायचं ते प्रत्येकाला यायला पाहिजे. पडणं: नवीन गोळी सुरू झाली की उठताना बीपी घसरतं, आधी बसा, मग उभे राहा, हे पेशंटला रोज सांगा. पाणी: लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर, असलेल्या माणसाला जुलाब-उलट्या झाल्या किंवा पाणी कमी पडलं तर औषध अंगात साठून विषारी होतं, आणि दुसरीकडे काही पेशंट इतकं पाणी पितात की सोडियम उतरून फिट येते. अंग कडक, जोराचा ताप आणि गोंधळ एकत्र दिसला तर लगेच डॉक्टर, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आग. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात पहाटे आग लागली, तिथे मानसिक आजारी माणसांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं, २८ जण गेले कारण पळताच आलं नाही. बांधलेला किंवा कोंडलेला माणूस आगीत स्वतःला वाचवू शकत नाही. म्हणून तुमच्या वॉर्डात आत्ता या क्षणी कुणाला बांधलेलं किंवा खोलीत बंद केलेलं आहे का, आणि त्याला सोडवायचं काम कोणाचं, याचं नाव प्रत्येक शिफ्टला ठरलेलं हवं.

आणि रात्री. स्त्री पेशंट असो की पुरुष, "माझ्या अंगाला हात लावला" अशी तक्रार आली तर "तिला भासच होतात" म्हणून सोडून द्यायची नाही. भास होणाऱ्या माणसावरही अत्याचार होऊ शकतो, आणि करणाऱ्यालाही माहिती असतं की हिचं कुणी ऐकणार नाही. आधी दोघांना वेगळं करायचं, मग लिहून घ्यायचं, मग वरिष्ठांना कळवायचं, त्याच शिफ्टमध्ये.

तुम्ही पेशंट म्हणून येत असाल तर

तुम्हाला भीती वाटणं साहजिक आहे. पहिल्या दिवशीच स्टाफला दोन गोष्टी सांगून ठेवा: मला त्रास होतो तेव्हा तो कशाने वाढतो आणि मला कशाने बरं वाटतं. कुणाला एकटं बसायला हवं असतं, कुणाला चालायला, कुणाला गाणी, कुणाला अंगाला हात लावलेला अजिबात सहन होत नाही. हे लिहून फाईलला लावायला सांगा, वाईट दिवशी ते कामाला येतं. ॲलर्जी, आधीची औषधं, बीपी-शुगर लपवू नका. किमती वस्तू घरी पाठवा. वॉर्डात पैसे, वस्तू उसने देणं-घेणं टाळा, बरीचशी भांडणं तिथूनच निघतात. कुणी त्रास देत असेल तर उत्तर देत बसू नका, उठून स्टाफ असेल तिथे जा. गोळीने काही विचित्र होत असेल तर ती गुपचूप थुंकू नका, स्पष्ट सांगा. तक्रार कुठे करायची, वकील किंवा घरच्यांशी कसं बोलायचं, आपल्याला कुठल्या नियमाखाली ठेवलंय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि विचारल्याबद्दल कुणी सुविधा कमी करत असेल तर ते चूक आहे.

भेटायला येताय?

आधी फोन करा, आज भेट होईल का आणि काय आणलेलं चालतं. काच, धारदार वस्तू, लायटर, पट्टा, दोऱ्या, प्लॅस्टिक पिशव्या, लांब चार्जर, कुठल्याही गोळ्या, हे नकोच. खाऊ आणलात तर तो आधी सिस्टरकडे द्या, एखाद्या पेशंटला शुगर असते किंवा गिळायला त्रास असतो हे तुम्हाला माहिती नसतं. आणि दुसऱ्या पेशंटने "हे जरा बाहेरून आणून द्या ना" म्हटलं तर प्रेमाने, पण नाहीच म्हणायचं. फोटो, व्हिडिओ काढू नका, मागे बसलेला माणूस कुणाचा तरी मुलगा असतो.

घरात कुणी गेलं असेल, नोकरी गेली असेल, घटस्फोटाची नोटीस आली असेल तर ते भेटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत सांगून निघून जाऊ नका. आधी डॉक्टरांना सांगा, कसं आणि कधी सांगायचं ते मिळून ठरवा. "उद्या घेऊन जातो" असं खोटं सांगून सुटका करून घेऊ नका, तुम्ही गेल्यावर तो माणूस दाराशी बसून राहतो आणि रात्री राग कुणावर तरी निघतो. आणि तो तुमच्याजवळ जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही बोलला, अगदी शपथ घालून बोलला तरी, निघताना स्टाफला सांगूनच बाहेर पडा. भेटीत आवाज चढला तर भेट तिथेच थांबवा, उद्या परत या.

काही घडून गेल्यावर

जखमा बघा, आधी पेशंटच्या आणि स्टाफच्या, मग कागद. बाकीच्या पेशंटनी सगळं बघितलेलं असतं, त्यांच्याशी त्याच संध्याकाळी बोला, नाहीतर रात्रभर कुणी झोपत नाही. ज्याला धरलं होतं त्याच्याशी तो सावरल्यावर बोला: तुमच्या बाजूने काय झालं, आम्ही आधी काय करायला हवं होतं. मार खाल्लेल्या स्टाफला "आपल्या कामात हे चालायचंच" असं म्हणू नका, त्याने लोक रिपोर्ट करणं सोडतात आणि रिपोर्ट नाही म्हणजे जास्तीचा माणूस मागायला पुरावा नाही. छोटी झटापट असली तरी लिहा, वेळ लिहा, त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं ते लिहा.

आणि डिस्चार्ज. हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरचे पहिले एक-दोन आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात, तेव्हा फाटकाबाहेर सोडलं की जबाबदारी संपली असं धरू नका. जाताना पुढच्या भेटीची तारीख ठरलेली असावी, ती पहिल्या आठवड्यातलीच असावी, औषधं थोड्याच दिवसांची द्यावी आणि ती घरात कुणाच्या ताब्यात राहणार हे घरच्यांशी बोलून घ्यावं. रात्री-अपरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून एक पेशंटच्या खिशात, एक घरच्यांकडे. दोन-तीन दिवसांनी वॉर्डातून एक फोन करा, झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का विचारा, आणि फोन कुणी उचलला नाही तर संध्याकाळी परत लावा.